सरळ केलेला खटका

मित्रांनो, मी एक मोडका खटका आहे. स्वतःला जुना म्हणवून घ्यायची मला फार हौस होती, पण तेवढं आयुष्य मिळालं नाही. जेमतेम सात महिने काम केलं आणि मोडलो. आता प्रशिक्षण वर्गातल्या काचेच्या कपाटात मी दोन तुकड्यांत पडून असतो. कामावर नव्याने लागलेली माणसं येतात, काचेला नाक लावून बघतात, "एवढासा?" म्हणतात आणि पुढे जातात. माझ्याखाली एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्यात माझी लांबी आहे, वजन आहे, मोडल्याची तारीख आहे. धाकट्या नावाच्या माणसाबद्दल मात्र तिच्यात अवाक्षर नाही. म्हणून म्हटलं, आपणच सांगावं.

आधी खटका म्हणजे काय ते ऐका. दोर गुंडाळायचं, हाताने फिरवायचं यंत्र असतं, त्याला विंच म्हणतात. विंचच्या कडेला एक दातेरी चाक असतं आणि त्या दात्यांत नाक खुपसून बसणारा वीतभर लांबीचा धातूचा दांडा म्हणजे मी. दोर वर ओढला जात असला की मी टक टक करत दात्यांवरून उड्या मारतो. चाक उलटं फिरू लागलं की दात्यात अडकून त्याला जागच्या जागी थोपवतो. हँडलवरचे हात सुटले तरी दोराला लटकणारा माणूस खाली जाऊ नये, एवढंच माझं काम. एवढंच, आणि तेवढंही मला जमलं नाही.

आमचा कारखाना सिमेंटचा. तिथे सिमेंट साठवायच्या पाच मजली उंच गोल कोठ्या आहेत, त्यांना सायलो म्हणतात. रिकाम्या सायलोच्या आतल्या भिंतींवर सिमेंट थापल्यासारखं चिकटून राहतं. ते झोडून पाडायला एक माणूस लोखंडी खुर्चीत बसून दोरावरून आत उतरतो. अंधार, धूळ, आणि पायाखाली काही नाही. वर झाकणापाशी दोन माणसं विंच धरून असतात. आत उतरणारा तो माणूस म्हणजे धाकट्या. स्वतः एका मुलीचा बाप झाला तरी सगळे त्याला धाकट्याच म्हणत, कारण त्याचा थोरला भाऊ त्याच कारखान्याच्या दुरुस्ती विभागात मिस्त्री होता. दोघांत चौदा वर्षांचं अंतर. आईवडील लवकर गेल्यामुळे मिस्त्रींनीच त्याला लहानाचा मोठा केला होता.

विंचवरचा पहिला खटका झिजून गुळगुळीत झाला होता. कधी कधी दात्यावरून सटकायचा. विंच बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली, त्यामुळे सुटा भाग मिळेना. तोवर कारखान्यात धातूची छपाई करणारं नवं मशीन आलं होतं. ते चालवणारी एक हुशार बाई होती, तिला सगळे ताई म्हणत. ताईने झिजलेल्या खटक्याची मापं घेतली, झिजलेला भाग संगणकावर भरून काढला, आणि एका सकाळी मशीनमध्ये पावडर ओतली.

मित्रांनो, माझा जन्म ना साच्यात झाला, ना घणाखाली. जाड पोलादी पाटावर धातूच्या पावडरीचा केसाइतका पातळ थर पसरायचा. मग लेसरचा ठिपका धावायचा आणि माझ्या आकारापुरती पावडर वितळवायचा. वितळलेला धातू क्षणात गार व्हायचा, आणि गार होताना आकसायचा. पण खालचा थर आधीच गार होऊन बसलेला. तो काही हलायला तयार नसायचा. मग वरचा खालच्याला ओढायचा आणि खालचा वरच्याला धरून ठेवायचा. वर पुन्हा नवा थर, पुन्हा तीच ओढाताण. असे सहाशे थर झाले. मी पुरा झालो तेव्हा बाहेरून देखणा दिसत होतो, पण अंगातला कण न् कण ताणलेला होता. वाकून जावं, मोकळं व्हावं असं फार वाटायचं, पण पाटाला असा चिकटलेलो की हलायची सोय नव्हती. माझ्या शेजारी त्याच पाटावर माझा जुळा भाऊ होता. एक विंचवर लावायला आणि एक राखीव, म्हणून ताईने दोघांना एकदमच छापलं होतं.

हा ताण काढायचा उपाय ताईला पाठ होता. आम्हाला पाटासकट भट्टीत घालायचं, तासन् तास तापवायचं आणि हळूहळू गार होऊ द्यायचं. उष्णतेने अंग सैल पडतं, ओढाताण मिटते, आणि मगच पाटावरून कापून काढायचं. पण त्याच दुपारी ताईला बहिणीच्या बाळंतपणासाठी तातडीने जावं लागलं. जाताना तिने कामाचे टप्पे लिहिलेलं आमचं कार्ड मिस्त्रींच्या हातात दिलं.

"मिस्त्री, पहिली भट्टी, मग कापणी. क्रम चुकवू नका हं."

"अगं, तू जन्मलीस त्याच्या आधीपासून लोखंड तापवतोय मी," मिस्त्री म्हणाले. "तू निर्धास्त जा."

खोटं नव्हतं ते. वाकलेला दांडा सरळ करावा तर मिस्त्रींनीच. त्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण त्यांचं सगळं आयुष्य घडीव लोखंडात गेलेलं. त्यात आधी कापायचं, घडवायचं, मापाला आणायचं, आणि भट्टी सगळ्यात शेवटी. ताईचं बोलणं त्यांच्या कानांनी ऐकलं, पण हातांना सवय होती ती जुन्याच क्रमाची.

त्यात घाईही होती. सायलो तीन दिवस रिकामा पडून होता. व्यवस्थापकांनी निरोप धाडला होता की नवा खटका सोमवारपर्यंत नाही मिळाला तर जुन्यावरच उतरा. धाकट्या दिवसातून चारदा दुरुस्ती विभागात डोकवायचा.

"दादा, झाला का रे माझा खटका? की अजून बारसंच चाललंय?"

"होईल. पण ऐकून ठेव, तो गुळगुळीत खटका लावून तू आत उतरायचं नाहीस. कोणीही सांगू दे."

"नाही उतरणार बाबा. तू डोळे वटारू नकोस."

हे मी मुद्दाम सांगतोय, मित्रांनो. मिस्त्रींनी घाई केली ती कामचुकारपणाने नाही. भावाच्या काळजीने केली.

शनिवारी भट्टीत दुसऱ्या कुणाचा तरी माल होता आणि तारेने धातू कापणारं वायरकट मशीन मोकळं होतं. मिस्त्री म्हणाले, तोवर कापून तरी घेऊ. पाट मशीनवर चढला. केसासारखी तार पाण्यातून माझ्या पोटाखालून सरकू लागली. जसजसा पाटापासून सुटत गेलो तसतशी माझी दोन्ही टोकं आपोआप वर उचलली जाऊ लागली. शेवटचा धागा तुटला आणि मी केळ्यासारखा वाकलो. जुळ्याचंही तेच झालं.

मिस्त्री बघतच राहिले. त्यांनी मला सपाट फरशीवर ठेवलं. मी डुलत राहिलो. मिस्त्री कपाळाला हात लावून स्टुलावर बसले. ताईला फोन करावा म्हणून त्यांनी खिशातून फोन काढलाही होता. तेवढ्यात बाहेर धाकट्याची शीळ ऐकू आली. मिस्त्रींनी झटकन फोन खिशात टाकला आणि आम्हा दोघांवर फडकं टाकलं. एवढ्या वर्षांचा मिस्त्री, आणि साधा खटका वाकडा केला, हे धाकट्या भावाला दिसू नये असं त्यांना वाटलं. धाकट्या चेष्टेखोर होता. तो महिनाभर तरी पिच्छा सोडणार नाही, हे त्यांना माहीत होतं.

धाकट्या गेल्यावर त्यांनी मला प्रेसखाली घेतलं. खाली दोन ठोकळे, मध्ये मी. हँडल अलगद दाबायचं, सोडायचं, डोळ्याशी धरून बघायचं, पुन्हा दाबायचं. काय हात होता तो! तासाभरात मी सरळ झालो. पण मित्रांनो, मोकळा नाही झालो. आधीचा ताण होताच, त्यावर हा दाबून बसवलेला नवा ताण आला. वाकलो तेव्हा निदान बाहेरून दिसत तरी होतं की आत काहीतरी बिनसलंय. आता तेही दिसेना.

मिस्त्रींनी जुळ्यालाही सरळ केलं. रविवारी भट्टी मोकळी झाली. दोघांना एकदम आत घालायची जोखीम त्यांनी घेतली नाही. आधी जुळा गेला. तापून, निवून संध्याकाळी बाहेर आला तेव्हा पुन्हा वाकडा. उष्णतेने त्याचं अंग सैल पडलं होतं आणि प्रेसने जबरदस्तीने दिलेला सरळपणा निघून गेला होता. मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी फरशीवर कसा छान सपाट बसलो होतो! मला भट्टीत घातलं तर मीही वाकणार, आणि उद्या सोमवार.

त्यांनी मला भट्टीत घातलं नाही. जुळ्याला भंगाराच्या पेटीत टाकलं. आमचं कार्ड दोघांत मिळून एकच होतं. त्यावर 'भट्टी' लिहिलेल्या चौकटीत त्यांनी बरोबरची खूण केली. दोघांपैकी एक भट्टीतून आला होताच की! बहुधा असंच काहीतरी त्यांनी स्वतःला सांगितलं असावं. खूण करताना त्यांनी पेन दोनदा उचललं होतं, ते मी पाहिलं.

सोमवारी तपासनीस आला. त्याने लांबी मोजली, विंचच्या खिळीवर बसायचं भोक मोजलं, सपाटी मोजली. "एक नंबर," तो म्हणाला. "मशीनचा माल बिनचूक असतो बुवा." मिस्त्रींनी कार्ड त्याच्यापुढे सरकवलं. पुढे सगळ्यांनी मला हातात घेऊन पाहिलं, वाहवा केली. मी लाजेने मेलो असतो, पण धातूला ती सोय नाही.

चार दिवसांनी ताई परतली. मी तेव्हा विंचवर होतो, हे पुढे कानांवर आलं. तिने पहिला प्रश्न विचारला तो भट्टीचा. मिस्त्रींनी कार्ड दाखवलं. मग तिची नजर भंगाराच्या पेटीकडे गेली.

"हा असा कसा झाला?"

"तो बिघडला. टाकून दिला. दुसरा विंचवर चढलाय, चांगला चाललाय."

ताई जुळ्याला हातात घेऊन थोडा वेळ उभी राहिली. विंचवरचा तरी भट्टीत गेला होता का, एवढा एकच प्रश्न आणखी विचारायचा होता. पण समोर वडिलांच्या वयाचा माणूस होता आणि कार्डावर त्याची खूण होती. विचारणं तिच्या जिवावर आलं. तिने जुळ्याला पेटीत ठेवलं आणि ती आपल्या मशीनकडे गेली.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. धाकट्याशी माझी चांगलीच गट्टी जमली. खुर्चीत बसण्याआधी तो मला टिचकी मारायचा.

"काय राव, झोपला नाहीस ना?" मग विंचवरच्या दोघांना म्हणायचा, "हा दादाच्या हातचा आहे. दादासारखाच. एकदा बसला की हलायचं नाव नाही."

वर येताना त्याच्या भुवया, मिश्या, सगळं पांढरं झालेलं असायचं. "झालो की नाही म्हातारा? आता मला पेन्शन द्या," असं म्हणून तो खोकत खोकत हसायचा. खुर्चीला दुसरी, सुरक्षेची दोरी असायला हवी होती. ती मागवलेली होती. ती यायची होती, यायची होती, असंच सात महिने चाललं होतं.

दुसऱ्या महिन्यात माझ्या भोकाजवळच्या कोपऱ्यात बारीक चीर पडली. डोळ्याला न दिसणारी. धाकट्याचं वजन काही फार नव्हतं, खरं सांगतो. नुसतं ते वजन मी वर्षानुवर्षं पेललं असतं. पण माझं अर्धं बळ स्वतःच्याच अंगातली ओढ सांभाळण्यात खर्च होत होतं. प्रत्येक झटक्याला चीर कणभर पुढे सरकायची. मला ओरडून सांगायचं होतं. मिस्त्री महिन्यातून एकदा तेल घालायला यायचे, तेव्हा तर फारच. ते बोटाने मला चाचपायचे, सरळ आहे ना बघायचे, आणि समाधानाने जायचे.

सातव्या महिन्यातल्या एका मंगळवारी, सकाळी साडेदहाला, मी मोडलो. धाकट्या निम्म्यावर होता. वरच्या दोघांनी मला दात्यात बसवून हँडल सोडलं होतं आणि एक जण पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होता. खाली धाकट्याने भिंतीवर घाव घातला, खुर्चीला हिसका बसला, आणि माझी मान तुटली. हँडल गरगर फिरलं. धरायला गेलेल्याचं मनगट मोडलं. दोर सरसर सुटत गेला. खालून धाकट्याची एकच हाक आली, आणि ती थोरल्या भावालाच होती. मित्रांनो, यापुढचं मी सांगू शकत नाही. तो गेला, एवढंच सांगतो.

आठवड्याने चौकशीला एक साहेब आले. माझ्या तुटलेल्या तोंडाकडे त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग आमचं कार्ड मागवलं. दुरुस्ती विभागात सगळ्यांना उभं केलं होतं.

"कार्डाप्रमाणे भट्टी झालेली आहे," साहेब म्हणाले. "तरीही हा असा मोडला, म्हणजे छपाईतच दोष दिसतो." ताईचा चेहरा पांढराफटक पडला. "पण मी अंदाजावर जाणार नाही. जेवणानंतर मोठा तुकडा मधोमध चिरा. भट्टी नीट झाली असेल तर चीर तारेएवढीच राहील. आत ताण उरला असेल तर ती उघडेल. वायरकट कोण चालवतं?"

"मी," मिस्त्री म्हणाले.

साहेबांनी मला त्यांच्या हातात दिलं. सगळे जेवायला गेले. मिस्त्री गेले नाहीत. ते मला घेऊन भट्टीपाशी आले. कुठल्याशा मालासाठी ती तापवून ठेवलेली होती. त्यांनी दार उघडलं. आतून लाल उजेड आला. मला एक-दोन तास आत ठेवलं असतं तरी ताण बराचसा निघून गेला असता. पुढे चीर उघडली नसती, खूण खरी ठरली असती, आणि दोष ताईच्या मशीनवर गेला असता.

आता मी एक कबूल करतो. मला आत जायचं होतं. जन्मापासून ज्या उबेची वाट पाहिली ती हातभर अंतरावर होती. ताईचं काय होईल याचा मी तेव्हा विचारही केला नाही. मिस्त्रींनी मला चिमट्यात धरलं, आत ट्रेवर ठेवलं. पहिल्यांदाच माझं अंग तापू लागलं. मिस्त्रींनी दार अर्धं लोटलं. आणि मग तसेच उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते. "घाबरू नकोस, मी आहे ना," असं काहीतरी ते पुटपुटत होते. लहानपणी भावाला सांगत असतील तसं. मग त्यांच्या तोंडून विचित्र आवाज निघाला. त्यांनी दार उघडलं आणि मला बाहेर काढलं. ट्रेवर मी मिनिटभरही नव्हतो.

दुपारी सगळे वायरकटभोवती जमले. धाकट्याची बायकोही आली होती. कशाने मोडलं ते मला बघायचंय, असं तिने साहेबांना सांगितलं होतं. तार माझ्यात शिरली. अर्ध्यावर गेली तशी तिच्या मागे माझे दोन्ही भाग एकमेकांपासून दूर सरकू लागले. चीर उघडली, आणखी उघडली. तिच्यात नख गेलं असतं. मला आयुष्यात पहिल्यांदा मोकळं वाटलं, आणि माझ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाचं आयुष्य तिथेच संपलं.

"भट्टी झालेली नाही," साहेब म्हणाले.

"नाही झाली," मिस्त्री म्हणाले. "ताई सांगून गेली होती. मीच आधी कापला. वाकडा झाला म्हणून प्रेसवर सरळ केला. भट्टीत पुन्हा वाकला असता, म्हणून घातला नाही. खूण माझी आहे. तिचा काही दोष नाही."

धाकट्याची बायको पुढे आली. तिने मला मशीनवरून उचललं आणि हातात धरून मिस्त्रींकडे पाहिलं.

"वाकडा झाला तेव्हाच का नाही सांगितलंत, दादा?"

मिस्त्रींची मान खाली होती. "तो हसला असता गं," ते म्हणाले.

"हो. हसले असते," ती म्हणाली. "एवढंच झालं असतं."

तिने मला साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि ती निघून गेली. मिस्त्रींना पुढे जी काही शिक्षा झाली ती झाली. ते पुन्हा दुरुस्ती विभागात आले नाहीत. कारखान्यात आता भट्टीच्या आधी कोणी काही कापत नाही, आणि प्रत्येक भागाचं कार्ड वेगळं असतं.

मित्रांनो, यंत्रांची काळजी घ्या, त्यांना तेल घाला, हे तुम्हाला सगळेच सांगतात. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या हातून कधी काही वाकडं झालं, तर ते दाबून सरळ करू नका आणि त्यावर फडकं टाकू नका. जे वाकडं झालंय ते वाकडंच सगळ्यांसमोर ठेवा. कोणी हसलं तर हसू द्या.